वास्तुलेख, सुमेरियन

वास्तुलेख, सुमेरियन : मंदिर, तटबंदी, कालवा इत्यादी बांधल्याची राजाने कोरून वा ठसवून ठेवलेली नोंद. प्राचीन सुमेरमध्ये (दक्षिण इराक) क्यूनिफॉर्म लिपीतील असे लेख इ. स. पू. तिसऱ्या सहस्रकाच्या मध्यापासून विपुल आढळतात. विटा, दरवाज्याच्या खुंटाखालचे दगड, तांब्याच्या मूर्तिवजा खुंट्या व भाजलेल्या मातीचे शंकू यांवर ते लिहिलेले असत.

मजकुराचा साचा ठरलेला होता : आधी देवतेचे नाव, मग राजाचे नाव व बिरुदे, नंतर वास्तू आणि अखेरीस ‘त्याच्यासाठी बांधली’ या अर्थाचे क्रियापद. क्रियापद शेवटी येत असल्याने मराठी वाचकास हा क्रम परका वाटू नये. उरचा राजा उर-नम्मू (इ. स. पू. सु. २१००) याच्या विटांवर चंद्रदेव नन्ना याचे मंदिर व उरचा तट बांधल्याची नोंद आहे. विटांची संख्या प्रचंड असल्याने ओल्या मातीवर ठसाच मारीत.

भारतीय वाचकाच्या परिचयाचा वास्तुलेख दर्शनी असतो. धाराशिव जिल्ह्यातील अणदूरजवळ नळदुर्ग किल्ल्यात बोरी नदीवरील बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे. दुसऱ्या इब्राहीम आदिलशाहाच्या कारकीर्दीतील (१५८०–१६२७) हे बांधकाम सु. १६१३ मधील असून, ते पाहताच मित्रांचे डोळे उजळावेत व शत्रूंचे अंधारावेत, असा तेथील फार्सी लेखाचा आशय आहे. सुमेरियन लेख मात्र पुष्कळदा पायात किंवा भिंतीच्या गाभ्यात पुरलेले असत. ये-जा करणाऱ्याने ते वाचावेत ही अपेक्षाच नव्हती. ते देवतेसाठी व पुढे कधी पडझड दुरुस्त करणाऱ्या राजासाठी असत. ही दूरदृष्टी फोल ठरली नाही. बॅबिलनचा राजा नॅबोनायडस (कार. इ. स. पू. ५५६–५३९) याने सु. दीड हजार वर्षांनी उरच्या झिगुरातचा जीर्णोद्धार केला, तेव्हा उर-नम्मू व त्याचा पुत्र शुल्गी यांचे लेख पाहून, बापाचे अपुरे काम मुलाने पुरे केले, असे स्वतःच्या लेखात नमूद केले.

इतिहासाचे साधन म्हणून हे लेख जपूनच वापरावे लागतात. बांधकामाचे सारे श्रेय ते राजाकडे देतात. विटा पाडणारे व वाहणारे मजूर त्यांत जवळजवळ नाहीतच. लॅगॅशचा राजा उर-नान्शे (इ. स. पू. सु. २५००) याच्या चुनखडीच्या फलकावर खुद्द राजाच डोक्यावर विटांची पाटी घेऊन उभा आहे. अर्थात ती पायाभरणीच्या विधीतील पाटी होय. हा फलक पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात आहे.