अळवावरचें पाणी आणि रेणूंचीं यंत्रें

अळवाच्या पानावर पडलेला थेंब गोल राहून घरंगळतो. तोच स्वच्छ कांचेवर पडला तर पसरतो. पाणी एकच असतां हा भेद कां? पृष्ठभाग द्रवाशीं कसा वागेल हें त्याच्या अगदीं वरच्या रेणूंवर व सूक्ष्म घडणीवर अवलंबून असतें. अळवाचें मेणचट, बारीक उंचवट्यांचें पृष्ठ पाण्यास थारा देत नाहीं. परंतु अळूस हा स्वभाव हवा तेव्हां पालटतां येत नाहीं. तसा पालटणारा पृष्ठभाग मनुष्यास घडवितां येईल काय?

इ. स. २००५ मध्यें एडिंबरो विद्यापीठांतील डेव्हिड ली व त्यांचे सहकारी यांनीं तो घडविला. त्यांचें यंत्र म्हणजे रोटॅक्सेन जातीचा रेणु. दोन्ही टोकांस जाड गांठी मारलेल्या दोर्‍यांत अंगठी ओवली आहे, अशी कल्पना वाचकांनीं करावी. अंगठी सरकेल, पण निसटणार नाहीं. दोर्‍यावर तिचीं दोन ठाणीं असून एकावर फ्लोरिनचे अणु आहेत. न चिकटणार्‍या तव्याच्या लेपांतही हेंच मूलद्रव्य असतें. आरंभीं अंगठी दुसर्‍या ठाण्यावर बसते व फ्लोरिन उघडा राहतो. अतिनील किरण पडतांच त्या ठाण्याचा आकार बदलतो, तेथें अंगठीस सुख वाटेनासें होतें, आणि ती सरकून फ्लोरिनला झांकून टाकते.

सोन्याच्या पृष्ठावर अशा रेणूंचा एकेरी थर बसवून त्यावर डायआयोडोमिथेन या, पाण्याच्या तिपटीहून जड अशा द्रवाचा थेंब ठेवला. थेंब सव्वा मायक्रोलिटरचा, म्हणजे घन सेंटिमीटराचा आठशेवा भाग. त्याच्या एकाच कडेवर किरण सोडले. त्या बाजूस फ्लोरिन झांकला गेल्यानें द्रव तिकडे पसरूं लागला, दुसरी कड मागून ओढली गेली, आणि थेंब १२ अंशांचा चढ चढून गेला! एकटा रेणु थेंबाच्या मानानें कांहींच नव्हे. असंख्य रेणु एका दिशेनें वागले म्हणून गुरुत्वाकर्षण हरलें. आमच्या मतें प्रयोगाचें मर्म येथेंच आहे.

रेणुयंत्रांच्या रचनेबद्दल सोव्हाज, स्टॉडार्ट व फेरिंगा यांस २०१६ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें, हें प्रसिद्धच आहे. लींच्या प्रयोगांतून मात्र आम्हांस एक निराळीच वाट दिसते. निरनिराळे पदार्थ असलेले दोन थेंब केवळ प्रकाशानें हांकून एकत्र आणले, तर त्यांचा संयोग नळी किंवा पात्र यांवांचून, उघड्या पृष्ठावरच घडवितां येईल.