आसवनीतील सांडपाणी आणि शून्य विसर्ग

महाराष्ट्रातील अनेक आसवन्या साखर कारखान्यांना संलग्न असून उसाच्या मळीपासून मद्यार्क तयार करतात. एक लिटर मद्यार्कामागे साधारणतः ८ ते १५ लिटर तपकिरी, आम्लधर्मी सांडपाणी, म्हणजेच स्पेंटवॉश, निर्माण होते. त्याची जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी लिटरला ४०,००० मिलिग्रॅमहून अधिक असू शकते. घरगुती सांडपाण्याची ती काहीशे असते. ते ओढ्यात गेल्यास मासे गुदमरतात, जमिनीत झिरपल्यास विहिरींचे पाणी तांबूस होते. (खत म्हणून शेतात सोडण्याचा युक्तिवाद पावसाळ्यात टिकत नाही.) बायोगॅस संयंत्रातून मिथेन मिळतो, परंतु रंग व क्षार शिल्लक राहतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००३ च्या सनदेने आसवन्यांसाठी शून्य विसर्गाचा आग्रह धरला. त्यासाठी सांडपाणी आटवून बॉयलरमध्ये जाळता येते व राखेतून पोटॅश मिळते. मात्र आटविण्यास वाफ खर्ची पडते. म्हणून किण्वनातच पाणी कमी वापरणे प्रस्तुत लेखकास अधिक श्रेयस्कर वाटते.