विरूपण आणि परिसर : बूढापाऱ्यातील एका चित्रवहीच्या निमित्ताने

रायपूर शहराच्या जुन्या वस्तीलगत जो विस्तीर्ण जलाशय आहे, ज्याला सरकारदप्तरी विवेकानंद सरोवर आणि लोकांच्या तोंडी बूढा तालाब असे म्हणतात, त्याच्या काठचा मोहल्ला म्हणजे बूढापारा. १७४१ साली भास्करपंतांच्या स्वारीबरोबर नागपूरकर भोसल्यांचा शिरकाव छत्तीसगढच्या मुलखात झाला, १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसल्यांनी रतनपुराहून येथला कारभार पाहिला, आणि १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले तरी त्या अंमलाच्या पाठोपाठ आलेली मराठी घराणी येथेच राहिली. पेंड्र्याहून १९०० साली ‘छत्तीसगढ मित्र’ काढणारे आणि ‘दासबोध’ व ‘गीतारहस्य’ हिंदीत नेणारे माधवराव सप्रे रायपूरचेच रहिवासी. त्यांच्या नावाची शाळा तलावालगत आहे. १८७७ साली, रेल्वे रायपूरपर्यंत आलेली नसताना, नागपूरहून बैलगाडीने आलेल्या दत्त कुटुंबातील चौदा वर्षांचा नरेंद्र, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, सुमारे दोन वर्षे बूढापाऱ्यातच राहिला होता. तलावातील बेटावर त्यांचा सदतीस फूट उंचीचा बैठा पुतळा आहे. पुढे जे लिहायचे आहे त्यात या पाण्याचा आणि या पुतळ्याचा संबंध पुन्हा येणार असल्यामुळे एवढी प्रस्तावना आवश्यक वाटली.

या मोहल्ल्यातील, चित्रकलेचे उच्च शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थिनीने ‘विरूपण आणि परिसर’ या विषयावर वर्षभर केलेल्या कामाची वही माझ्या पाहण्यात आली, आणि तिने मला बराच काळ विचारात ठेवले. पहिल्या पंधरावीस पानांत लांबवलेले चेहरे, वितळणारी घड्याळे, फोनमधील सोयीने पिळवटलेली छायाचित्रे असा जो माल आज कोणत्याही कलाशाळेत आढळतो तोच होता. त्यानंतर मात्र एक पान असे आले की वहीची दिशाच पालटली. त्या पानावर पेन्सिलीने काढलेल्या केवळ उभ्या, तुटक रेघा होत्या. कोठे जाड, कोठे बारीक, मध्येच आडव्या फटींनी छेदलेल्या. आणि खाली बारीक अक्षरांत लिहिले होते की हे रात्री पाण्यात दिसणारे रस्त्यावरचे दिवे आहेत. दिव्याचा गोल पाण्यात उतरताना उभा ताणला जातो, रुंदीला मात्र फारसा वाढत नाही, हे त्या मुलीने स्वतःच्या डोळ्यांनी टिपले होते, आणि ज्याने ते टिपले त्याच्या हाती विषयाची किल्ली आली असे मी समजतो.

या ताणण्याचे कारण मोठे मनोहर आहे. पाणी निश्चल असते तेव्हा ते सपाट आरशासारखे वागते. परंतु वाऱ्याची झुळूक आली की पृष्ठभागाचे असंख्य लहान उतार होतात, आणि दिव्याचा प्रकाश ज्या ज्या उतारावरून आपल्या डोळ्यापर्यंत पोचू शकतो त्या त्या उतारावर दिव्याची एकेक प्रतिमा उमटते. काठावर उभा राहिलेला माणूस पाण्याकडे फार तिरक्या नजरेने पाहत असल्यामुळे, लाटेचा आपल्या दिशेचा किंचित कलसुद्धा प्रतिमेला खालीवर पुष्कळ सरकवतो, तर डावी-उजवीकडचा कल तिला थोडाच हलवतो. आणि म्हणून दिव्याचा स्तंभ होतो. दुसरी गोष्ट याहूनही सूक्ष्म आहे. निश्चल पाण्यातील प्रतिबिंब म्हणजे वरच्या दृश्याची उलटी नक्कल अशी जी समजूत असते ती खरी नाही; आपला डोळा पाण्याच्या जितका वर आहे तितकाच पाण्याच्या खाली दुसरा डोळा असता तर त्याला जे दिसले असते ते प्रतिबिंबात दिसते. बेटावरील पुतळ्याच्या पायथ्याचा जो भाग काठावरून उघड दिसतो तो पाण्यात बेटाच्या कडेमागे आणि झुडपांमागे दडतो, आणि हनुवटीची खालची बाजू थोडी अधिक उघड होते. वहीत पुतळ्याची वरची आकृती आणि पाण्यातली आकृती एकमेकींशी जुळत नाहीत, आणि ज्या परीक्षकाला हे चूक वाटेल त्याने एकदा काठावर जाऊन उभे राहावे अशी माझी नम्र विनंती आहे.

येथे माझे सारे म्हणणे एका प्रश्नात सांगता येते. आकार वाकलेला दिसला की विचारावे, तो वाकवला कोणी? पाण्याने, मातीने, पाहणाऱ्याच्या उभे राहण्याच्या जागेने, का करणाऱ्याच्या मनातील भीतीने किंवा भक्तीने? याचे उत्तर ज्या चित्रातून मिळते त्या चित्रात विरूपण आणि परिसर हे दोन विषय राहत नाहीत. आणि उत्तर मिळत नसेल, यंत्रातील एखादी कळ दाबल्यामुळे आकार वाकला एवढेच सांगता येत असेल, तर कागद कितीही आकर्षक दिसला तरी त्यास अभ्यास म्हणता येणार नाही.

आमच्या परंपरेत या प्रश्नाचा विचार झालेला नाही असे कोणी समजू नये. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडातील चित्रसूत्रात शरीराच्या नऊ स्थानांचे, म्हणजे समोरून, बाजूने, पाठीमागून असे वळत जाताना आकृती कशी दिसते याचे वर्णन आहे, आणि त्या प्रसंगी अवयव कोठे संकोचतात व कोठे वाढतात या क्षयवृद्धीचा नियम सांगितला आहे. मोजमापे अत्यंत काटेकोरपणे देणाऱ्या शास्त्रानेच मोजमाप सोडण्याची रीतही शिकवावी, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. उंच मूर्ती खालून पाहणाऱ्याला वरचे भाग लहान दिसतात म्हणून शिल्पकार खरी प्रमाणे बदलतात, असे प्लेटोने आपल्या ‘सोफिस्ट’ या संवादात नोंदवले आहे. सदतीस फुटांच्या बैठ्या पुतळ्यापुढे उभे राहिले की हा प्रश्न ग्रंथातला न राहता मानेला जाणवू लागतो.

पाश्चात्त्य उदाहरणे विद्यार्थ्यांच्या वह्यांत नेहमी येतात, आणि त्यांतील एक मला फार प्रिय आहे. पार्मिजानिनो या इटालियन चित्रकाराने १५२४ च्या सुमारास, वयाच्या एकविसाव्या वर्षी, फुगीर आरशात पाहून स्वतःचे चित्र काढले. त्यासाठी त्याने सुताराकडून लाकडाचा तसाच फुगीर गोल तुकडा कातून घेतला आणि आरसा जसा दाखवील तसे तंतोतंत रंगवले. चेहरा मध्यभागी शांत आणि प्रमाणशुद्ध आहे, खोलीची खिडकी कमानीसारखी वाकली आहे, आणि आरशाजवळ असलेला हात प्रचंड झाला आहे. ते चित्र आज व्हिएन्नात आहे. त्यात मनाने घातलेली भर फार थोडी, जवळजवळ सर्व विरूपण आरशाचे. तरीही काम करणारा हातच सर्वांत मोठा दिसावा हा योग असा जुळून आला आहे की पाहणाऱ्याला तो विसरता येत नाही. १९३३ साली आंद्रे केर्तेश या हंगेरियन छायाचित्रकाराने पॅरिसमध्ये जत्रेतील वेड्यावाकड्या आरशांच्या साहाय्याने सुमारे दोनशे छायाचित्रे काढली, तीही याच जातीची.

परंतु बूढापाऱ्यातील विद्यार्थ्याने व्हिएन्नापर्यंत जाण्यापूर्वी ताल्याला जावे. बिलासपूर जिल्ह्यात मनियारी नदीच्या काठी ताला येथे देवरानी-जेठानी या नावाची दोन प्राचीन भग्न मंदिरे आहेत, आणि तेथे १९८८ साली मातीखालून एक मूर्ती निघाली, जिला सामान्यतः रुद्रशिव म्हणतात. आठ फुटांहून अधिक उंच, सुमारे पाच टन वजनाची ही पाषाणमूर्ती पाचव्या-सहाव्या शतकातील मानली जाते. प्रथमदर्शनी ती ताठ उभी असलेली एक भारदस्त पुरुषाकृती दिसते. जवळ गेल्यावर लक्षात येते की नाक आणि भुवया मिळून एक पाल खाली उतरते आहे, मिशा म्हणजे दोन मासे आहेत, हनुवटी हा खेकडा आहे, कानांच्या जागी मोर बसले आहेत, मस्तकावरचे पागोटे सर्पाच्या वेटोळ्यांचे आहे, खांदे मगरीच्या जबड्यांतून निघतात, आणि छाती, पोट व मांड्या यांवर माणसांचे चेहरे आहेत. मूर्तिशास्त्राच्या कोणत्याही परिचित ग्रंथात या रूपाचे वर्णन सापडत नसल्यामुळे विद्वानांत तिच्या ओळखीविषयी मतभेद आहेत.

तो वाद विद्वानांचा. चित्रकलेच्या विद्यार्थ्याने पाहावयाचे ते हे, की मासा, खेकडा, मगर, सर्प, पाल, मोर हे सगळे नदीकाठचे रहिवासी आहेत. शिल्पकाराने मानवी देह मोडला तो आजूबाजूला जे पोहत, सरपटत आणि उडत होते त्याने पुन्हा भरून काढण्यासाठी, आणि एवढी मोडतोड करूनही देहाचा तोल रतिमात्र ढळू दिला नाही. हनुवटीच्या जागी खेकडा शोभतो, कारण खेकड्याच्या पाठीचा आकार हनुवटीच्या गोलाईला साजेसा आहे. माशांची जोडी ओठांवर शोभते, कारण माशाचे शरीर मिशीसारखेच निमुळते होत जाते. येथे विरूपण म्हणजे निरीक्षणाची पराकाष्ठा होय. मी पाहिलेल्या शिल्पांत या विषयाचा इतका पूर्ण आविष्कार दुसरा नाही.

मातीच्या अंगानेही पाहता येते. सरगुजा जिल्ह्यातील पुहपुटरा गावच्या सोनाबाई रजवार यांचे चरित्र कलाविद्यार्थ्यांनी अवश्य वाचावे. नवऱ्याने वस्तीपासून दूर बांधलेल्या घरात त्यांना सुमारे पंधरा वर्षे बाहेरच्या माणसांपासून तुटून राहावे लागले. लहान मुलाला खेळणे नव्हते म्हणून त्यांनी मातीची चित्रे करायला प्रारंभ केला, आणि पाहता पाहता भिंती, ओसरी, अंगण पक्ष्यांनी, सापांनी, माकडांनी, वाजंत्र्यांनी भरून गेले. बांबूच्या पातळ पट्ट्या वाकवून वेढे करायचे, ते एकमेकांना बांधायचे आणि त्यांवर माती लिंपायची, अशी जाळी त्यांनी ओसरीच्या खांबांमध्ये बसवली, त्यामुळे ऊन गाळून आत येई आणि वारा खेळता राही. त्यांच्या आकृतींच्या हातापायांना कोपर नाही, गुडघा नाही. ते वेलीसारखे वळतात, कारण ओली माती लिंपणारा हात वळण घेत जातो, कोन पाडत नाही. अशीच गोष्ट बस्तरच्या घडव्यांची, म्हणजे धातू ओतणाऱ्या कारागिरांची. मातीच्या गाभ्याभोवती मेणाच्या तारा गुंडाळून ओतलेल्या पितळी मूर्तींची लांबट अंगे आणि त्यांवरच्या समांतर रेषा हा त्या मेणाच्या तारेचाच हुकूम आहे.

सोनाबाईंचे घर जगापुढे आले ते ज्या उपक्रमामुळे, त्याला मी आपल्या देशातील विद्यार्थ्यांचा सर्वांत मोठा परिसर-अभ्यास मानतो. भोपाळच्या भारत भवनातील ‘रूपंकर’ संग्रहालयासाठी चित्रकार जगदीश स्वामिनाथन यांनी १९८१ च्या सुमारास तत्कालीन मध्य प्रदेशातील, म्हणजे आजच्या छत्तीसगढसकट साऱ्या मुलखातील खेड्यापाड्यांत कलाशाळांचे विद्यार्थी पाठवले, आणि जे दिसेल ते नोंदवून, जमवून आणण्याची कामगिरी त्यांच्यावर सोपवली. याच भटकंतीत पाटणगढच्या एका भिंतीवरील चित्राने जनगढसिंह श्याम हा तरुण परधान गोंड चित्रकार पुढे आला, जो १९८९ साली पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनापर्यंत पोचला. फेब्रुवारी १९८२ मध्ये भारत भवन उघडले तेव्हा नागर आणि आदिवासी कलाकृती तेथे शेजारी शेजारी मांडलेल्या होत्या. सोनाबाईंच्या घरी भारत भवनाची माणसे १९८३ साली पोचली आणि त्याच वर्षी त्यांना राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला. शिकायला निघालेली मुले परिसराची नोंद करता करता कलेचा इतिहास दुरुस्त करून आली, ही घटना कलाशिक्षणाच्या कोणत्याही अहवालात ठळक अक्षरांत असावी.

आपल्या मराठी घरांतून चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना बसणारी मुले वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र असे निरनिराळे कागद सोडवतात. वस्तुचित्रात तांब्या तिरका गेला की गुण कापले जातात, आणि ते योग्यच आहे; सरळ काढता येणाऱ्यालाच वाकडे का काढले याची कैफियत देता येते. मात्र स्मरणचित्रात मुलाने आजीला दारापेक्षा मोठी काढली तर लाल शाई उचलण्यापूर्वी शिक्षकाने त्याला कारण विचारावे. बूढापाऱ्यातील त्या वहीतही शेवटची पाने निर्दोष नाहीत. पुतळ्याच्या प्रतिबिंबाचे दहा आराखडे झाल्यावर तिने जे मोठे चित्र केले त्यात पाण्याच्या रेघा शोभेच्या झाल्या आहेत, वारा कोठून येतो ते कळत नाही. आराखडे चित्रापेक्षा सरस आहेत, आणि तिला गुण द्यावयाचे असते तर मी आराखड्यांना दिले असते.

रायपूर, दुर्ग, बिलासपूर येथील मराठी मंडळांना आणि पालकांना माझे सांगणे आहे की, घरातील मूल चित्रकलेकडे वळले असेल तर दिवाळीच्या सुटीत त्याच्या हाती वही देऊन त्याला बाहेर काढावे. १९५६ साली राजवाड्यात स्थापन झालेले खैरागढचे इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय त्याला दाखवावे, आणि ताल्याला अवश्य न्यावे. ताला बिलासपूरपासून सुमारे तीस किलोमीटरवर, रायपूरच्या रस्त्यापासून थोडे आत आहे. रायपूरहून सकाळी निघालेला माणूस मूर्तीपुढे दोन तास बसून संध्याकाळच्या आत घरी परत येतो.