श्वास रोखून केलेले नृत्य

हवाई बेटांतील कोना किनारा. रात्रीची वेळ. पृष्ठभागाखाली सुमारे तीस फुटांवर, समुद्रतळाशी वजनांच्या आधाराने स्थिर राहून एक स्त्री नृत्य करीत आहे. चेहऱ्यावर पाणबुड्यांचा चष्मा नाही, पाठीवर हवेची टाकी नाही. खारे पाणी उघड्या डोळ्यांना झोंबते आहे आणि समोरचे सारे धूसर झाले आहे. त्या धूसरतेतून एक विस्तीर्ण काळी आकृती पंख हलवीत येते, तिच्या अगदी जवळून गिरकी घेते आणि पुन्हा अंधारात विरून जाते.

ही स्त्री म्हणजे ऑस्ट्रेलियात वाढलेल्या हॅना फ्रेझर. छायाचित्रकार शॉन हाइनरिक्स यांच्यासोबत त्यांनी केलेला ‘मँटाज लास्ट डान्स’ हा लघुपट पुढे जगभर पाहिला गेला. वयाच्या नवव्या वर्षी ‘स्प्लॅश’ हा चित्रपट पाहून फ्रेझर यांनी प्लॅस्टिकच्या टेबलक्लॉथची मत्स्यकन्येची शेपटी शिवली होती. त्या बालहट्टाचेच पुढे उपजीविकेचे साधन झाले. २००७ मध्ये जपानमधील ताइजी येथे डॉल्फिनांच्या हत्येचा निषेध करण्यासाठी जे मोजके लोक सर्फिंगच्या फळ्यांवरून त्या आखातात उतरले, त्यांत त्याही होत्या.

छायाचित्रात हे काम परीकथेसारखे भासते. प्रत्यक्षात ते कमालीचे कष्टाचे आहे. चौकटीच्या बाहेर एक रक्षक पाणबुड्या हवेची नळी घेऊन थांबलेला असतो. मॉडेलने त्या नळीतून श्वास घ्यायचा, नळी परत द्यायची, मग गाल फुगू न देता, बुडबुडा न सोडता, चेहऱ्यावर शांत भाव आणून हालचाल करायची. श्वास संपत आला की खूण करायची. तीस फुटांवर पाण्याचा दाब पृष्ठभागावरच्या जवळजवळ दुप्पट असतो. तिथे भरून घेतलेली हवा वर येताना प्रसरण पावते. घाबरून, श्वास तसाच कोंडून धरून जो झपाट्याने वर येईल त्याची फुप्फुसे फाटू शकतात. म्हणजे ज्या क्षणी देह वर धाव घेऊ पाहतो, त्याच क्षणी मनाने त्याला आवरायचे असते. लांब, तलम वस्त्रे पाण्यात सुंदर पसरतात खरी, पण तीच पायांत गुरफटतात. लाल रंग पाण्यात सर्वांत आधी लोपतो, म्हणून प्रखर दिवे लावावे लागतात.

आणि एवढे करूनही सहकलाकार येईल याची शाश्वती नाही. मँटा हा आपल्या कोकणातील पाकटाच्या कुळातला मासा. त्याच्या सर्वांत मोठ्या जातीच्या पंखांचा विस्तार सात मीटरपर्यंत जातो. शेपटीला विषारी काटा नाही. अन्न म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, प्लवक. कोना येथे १९७० च्या दशकात किनाऱ्यावरच्या एका हॉटेलने समुद्रावर दिव्यांचा झोत टाकला. प्रकाशाकडे प्लवक जमले आणि प्लवकामागे मँटा आले. आजही तिथे हाच क्रम चालतो. मँटाला बोलावता येत नाही, हाकलून आणता येत नाही आणि स्पर्शही करायचा नसतो, कारण त्याच्या त्वचेवरचा संरक्षक बुळबुळीत थर त्याने निघून जातो. मॉडेलने स्वतःच्या जागी राहायचे आणि वाट पाहायची.

लघुपटाच्या नावातील ‘अखेरचे नृत्य’ हे शब्द काव्यापुरते नव्हते. मँटाच्या कल्ल्यांच्या जाळीला चीनमध्ये औषध म्हणून मागणी आहे आणि ग्वांगझौ ही तिची मोठी बाजारपेठ. मादी एका वेळी बहुधा एकाच पिलाला जन्म देते, तेही दोन ते पाच वर्षांच्या अंतराने. या गतीने वाढणाऱ्या जीवाचा व्यापार टिकणारा नाही, हे कोणत्याही जमाखर्च जाणणाऱ्या माणसाला सांगावे लागत नाही. मार्च २०१३ मध्ये बँकॉक येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत मँटाच्या व्यापारावर नियंत्रण आणण्याचा निर्णय झाला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, मँटा पाहण्यासाठी येणाऱ्या पर्यटकांमुळे जगात दर वर्षी सुमारे १४ कोटी डॉलरची उलाढाल होते. जिवंत मँटा दर हंगामाला पुन्हा कमावून देतो; मारलेला एकदाच विकला जातो.

मात्र या कलेचा एक भाग खटकणारा आहे. हाइनरिक्स आणि क्रिस्टियन श्मिट यांनी फिलिपिन्समधील ओस्लोब येथे फ्रेझर आणि इटालियन मॉडेल रोबेर्ता मान्चिनो यांची व्हेल शार्कसोबत छायाचित्रे घेतली. छायाचित्रे अप्रतिम आहेत. पण ओस्लोबचे मच्छीमार या शार्कना रोज हाताने छोटी कोळंबी घालतात, म्हणून ते तिथे रेंगाळतात. त्यांचे नैसर्गिक भ्रमण त्यामुळे बिघडते आणि नावांजवळ येण्याची सवय लागून इजा होते, असे अभ्यासक सांगतात. गावाला रोजगार मिळतो, हेही खरे. तरीही कोनाचा दिवा आणि ओस्लोबची कोळंबी यांना एका पारड्यात घालता येणार नाही. दिव्याभोवती जमते ते समुद्राचेच अन्न. ओस्लोबमध्ये घास माणसाच्या हातचा असतो, आणि हाताचा घास स्वभाव बदलतो.

याच व्हेल शार्कची एकेकाळी गुजरातच्या किनाऱ्यावर सर्रास शिकार होई. यकृताचे तेल नावांना लावण्यासाठी काढले जाई. माइक पांडे यांच्या ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ या माहितीपटाने ते दृश्य देशासमोर आणले आणि २००१ मध्ये या माशाला वाघाइतकेच कायदेशीर संरक्षण मिळाले. पुढे मोरारीबापूंनी वेरावळच्या मच्छीमारांना त्याची ओळख ‘व्हाली’, म्हणजे माहेरी येणारी लाडकी लेक, अशी करून दिली.

महाराष्ट्रात २०१८ च्या डिसेंबरपासून संरक्षित सागरी जीव सोडवण्यासाठी जाळे कापणाऱ्या मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. त्यासाठी पुरावा म्हणून छायाचित्र द्यावे लागते. ते नावेवरच्याच कोणीतरी मोबाइलवर टिपलेले असते. चौकट तिरकी असते, लाटेने प्रतिमा हललेली असते. एका कडेला कापलेले जाळे दिसते आणि दुसऱ्या कडेला पाण्यात उतरू लागलेली ठिपकेदार पाठ.