पटलं नव्हतं, तर आधी मला सांगायचंस

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चौदा जण आहेत. मागच्या वर्षी दादाने तिथे लिहिलं, ‘आईला आता वडोदऱ्याच्या घरात एकटीला ठेवायला नको. मी तिला बेंगळुरूला आणतो. घर भाड्याने देऊ.’

मला ते अजिबात पटलं नाही. आईच्या मैत्रिणी, भजनी मंडळ, ठरलेली भाजीवाली, सगळं तिथे. मी लगेच उत्तर टाकलं, ‘आईला विचारलंस का? की नेहमीसारखं ठरवूनच सांगतोयस?’

मामीने हात जोडल्याचं चित्र पाठवलं. दादा गप्प. चार दिवसांनी त्याचा फोन आला. ‘अगं, पटलं नव्हतं, तर आधी मला सांगायचंस. चौदा जणांपुढे कशाला?’

तुमच्याही घरात असं झालं असेल. माझा मुद्दा बरोबर होता की चूक, यावर कुणी बोललंच नाही. ‘नेहमीसारखं’ हा एक शब्द तेवढा लक्षात राहिला. प्रश्न आईचा होता, त्या शब्दाने तो दादाच्या स्वभावाचा झाला.

अशा वेळी मला गांधीजी आणि रवींद्रनाथांचा एक प्रसंग आठवतो. 15 जानेवारी 1934 रोजी बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला, हजारो माणसं गेली. गांधीजी तेव्हा अस्पृश्यतेविरुद्धच्या दौऱ्यावर होते. हा भूकंप म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे, असं ते म्हणाले. रवींद्रनाथांना धक्काच बसला. अस्पृश्यता त्यांनाही मान्य नव्हती. पण निसर्गाच्या कोपाला नैतिक कारण चिकटवलं, तर लोकांची अंधश्रद्धाच वाढेल, असं त्यांचं म्हणणं होतं.

आता त्यांनी काय केलं ते पाहा. आपला निषेध त्यांनी लिहून काढला आणि तो थेट गांधीजींकडेच पाठवला. गांधीजींनी तो 16 फेब्रुवारीच्या ‘हरिजन’मध्ये, म्हणजे स्वतःच्याच पत्रात छापला आणि सोबत आपलं उत्तर दिलं. मत दोघांनीही बदललं नाही. (माझं मत विचाराल, तर रवींद्रनाथांचं बरोबर होतं.) पण दोन वर्षांनी, 1936 मध्ये, चौऱ्याहत्तर वर्षांचे रवींद्रनाथ विश्वभारतीसाठी पैसे उभे करायला नाटकमंडळी घेऊन गावोगाव फिरत होते, तेव्हा गांधीजींनीच खटपट करून त्यांना साठ हजार रुपये मिळवून दिले.

आपण नेमकं उलटं करतो. नवऱ्याचं पटलं नाही की आधी बहिणीला सांगतो. सुनेचं खटकलं की शेजारणीला. ज्याच्याशी मतभेद आहे, त्याच्यापर्यंत तो सगळ्यांत शेवटी पोहोचतो, तोही तिखटमीठ लागून.

न्यायशास्त्रात चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. खरं काय ते शोधण्यासाठी होतो तो वाद. जिंकण्यासाठी होतो तो जल्प. आणि स्वतःचं काहीच न मांडता समोरच्याचं नुसतं खोडत राहायचं, ती वितंडा. गंमत म्हणजे आपण ‘घरात वाद नको’ म्हणतो आणि उरलेले दोन चालू ठेवतो! जुन्या ग्रंथांत आणखी एक रीत आहे, ती म्हणजे पूर्वपक्ष. आपलं म्हणणं मांडण्याआधी समोरच्याचं म्हणणं नीट मांडायचं, त्यालाही मान्य होईल असं.

मी ते करून पाहिलं. दादाला फोन केला आणि म्हटलं, ‘आई पावसाळ्यात जिन्यावरून घसरली, म्हणून तुला काळजी वाटतेय. बरोबर ना?’ तो म्हणाला, ‘तेवढंच नाही. त्या रात्री दोन वाजता तिने मला फोन केला होता. पहिलं विमान सकाळी सहाला होतं. ते चार तास मी कसे काढले, मलाच माहीत.’

हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. माझं मत बदललं नाही, पण आवाज आपोआप खाली आला.

एक मात्र सांगायला हवं. ‘शांतपणे बोल’ हे घरात बहुतेक वेळा ज्याचं चालतं तोच दुसऱ्याला सांगतो, सुनेला किंवा शिकणाऱ्या मुलीला. गप्प बसणं म्हणजे शांतपणे बोलणं नव्हे. आणि जिथे रोजचा अपमान किंवा मारहाण आहे, तिथे पूर्वपक्ष मांडत बसू नका, मदत मागा.

एरवी रागाच्या भरात काही लिहिलंच, तर ते पाठवू नका, रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी त्यातला तुमचा ‘नेहमीसारखं’ शोधा आणि काढून टाका. ‘तू चुकतोयस’ऐवजी ‘मला हे पटत नाही, कारण…’ असं म्हणून बघा. ‘कारण’ म्हटलं की पुढे खरंच काहीतरी सांगावं लागतं.

त्या फोननंतर आम्ही दोघांनी मिळून आईला व्हिडिओ कॉल केला. तिने दोघांचं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘दोघंही भांडलात, पण मला विचारलं कुणीच नाही.’ दादाला विचारलंस का म्हणून खडसावणारी मी, मीही तिला विचारलं नव्हतं.

या वर्षी पावसाळ्याचे चार महिने ती बेंगळुरूला राहणार आहे. घर भाड्याने द्यायचं नाही. आपल्या झोपाळ्यावर भाडेकरू बसलेला तिला चालणार नाही. दादाला हे अजूनही पटलेलं नाही. रविवारी फोनवर तो मला तसं सांगतो.