ऋतुमान आणि वनस्पतींची स्पर्धा : चीटग्रासचे उदाहरण

परकीय वनस्पती देशी वनस्पतींना हुसकावून लावते, तेव्हा ती अधिक बळकट असली पाहिजे असा सर्वसाधारण समज असतो. पश्चिम अमेरिकेतील ‘चीटग्रास’ या गवताचा इतिहास या समजास छेद देतो. हे गवत नाजूक, वीत-दोन वीत उंचीचे आणि वर्षाच्या आत मरून जाणारे. त्याने ज्यांना मागे सारले ती देशी गवते मात्र बहुवर्षायू आहेत. भेद आहे तो वाढीच्या कालक्रमाचा.

युरेशियातून एकोणिसाव्या शतकात आलेले हे गवत नेव्हाडा, युटा, आयडाहो या राज्यांतील शुष्क प्रदेशात पसरले. तेथे ओलावा मिळतो तो मुख्यतः हिवाळ्यातील बर्फाचा व वसंतारंभीच्या पावसाचा. उन्हाळा कोरडाच जातो. अर्थात जमिनीत साठलेले पाणी जो आधी शोषील त्याचे. चीटग्रासचे बी शरदातील पावसावर रुजते, आणि वर पाने खुरटलेली दिसत असताना थंडीतही त्याची मुळे खाली सरकत राहतात. ब्लूबंच व्हीटग्रास या देशी गवताच्या रोपांची मुळे त्या काळात फारच मंद वाढतात. ग्रँट हॅरिस यांनी 1967 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या फरकाचे महत्त्व दाखवून दिले : देशी रोपाचे मूळ खोलवर पोचेपर्यंत तेथील ओल संपत आलेली असते. ही हार रोपांची आहे, हे विसरता कामा नये. चांगले रुजलेले जुने झुबके सहसा टिकाव धरतात. परंतु गुरामेंढरांच्या अतिरेकी चराईने असे झुबके विरळ झाले होते, आणि नवागतास वाट मिळाली ती तेथूनच.

लवकर वाढलेले लवकर वाळते. उन्हाळ्याच्या तोंडी बी पाडून चीटग्रास वाळते व सहज पेट घेते. त्या आगीत जळालेले बिग सेजब्रश हे झुडूप बुंध्यातून पुन्हा फुटत नाही, आणि त्याच्या आश्रयाने जगणारा सेज ग्राऊस पक्षीही मग तेथून हटतो. चीटग्रासची मात्र मातीत उरलेल्या बियांतून शरदात नवी पिढी उगवते.

‘चीट’ या नावात ठकविल्याचा आरोप आहे. वस्तुतः येथे कपट काही नाही. इतरांनी फारसा न वापरलेला हंगाम या गवताने वापरला, एवढेच. तो हंगाम सर्वस्वी रिकामा होता असेही नव्हे. स्क्विरलटेल हे देशी गवतही शरदात रुजू शकते व थंडीत मुळे वाढविते. चीटग्रासच्या सान्निध्यात त्याची रोपे इतर अनेक देशी गवतांहून अधिक तग धरतात. जळिताच्या जमिनींवर पुनर्लागवडीसाठी त्याचे बी पेरले जाते, ते याच कारणाने.