उतारवयातील यकृत आणि औषधाची मुदत

शार्ङ्गधरसंहितेत औषधाच्या मात्रेचा एक हिशेब सांगितला आहे : महिन्याच्या अर्भकाला एक गुंज, मग वयाच्या मानाने ती वाढवीत सोळाव्या वर्षापर्यंत न्यावी, सत्तरीपर्यंत तीच कायम ठेवावी, आणि त्यानंतर बालकाप्रमाणेच हळूहळू उतरवीत आणावी. मुलाचे वजन काट्यावर पाहिल्यावाचून औषध न लिहिणारे आजचे डॉक्टर ऐंशीच्या गृहस्थांना मात्र पुष्कळदा चाळिशीतल्या माणसाचीच गोळी लिहून देतात, हे पाहिले म्हणजे त्या जुन्या ग्रंथकाराच्या व्यवहारज्ञानाचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही.

तोंडावाटे घेतलेले औषध आतड्यांत शोषले गेल्यावर लागलीच सर्वांगात पोहोचत नाही. आतड्यांतील रक्त गोळा करणारी शीर ते आधी यकृताच्या स्वाधीन करते, आणि जकातनाक्यावर मालातून हिस्सा काढून घ्यावा त्याप्रमाणे तेथे त्याचा काही भाग वसूल होऊन बाकीचाच हृदयाकडे रवाना होतो. प्रोप्रॅनोलॉलसारख्या औषधाचा तर बराच मोठा भाग या पहिल्याच फेरीत खर्ची पडतो, व गोळीतील मात्रा ठरविताना ही घट हिशेबात धरलेली असते. परंतु वार्धक्यात यकृताचे आकारमान सुमारे २० ते ४० टक्क्यांनी आक्रसते, त्यातून वाहणारे रक्त त्याहूनही काहीसे अधिक घटते, आणि ज्या सूक्ष्म रक्तमार्गांच्या भिंतींतील असंख्य छिद्रांतून औषध पेशींपर्यंत झिरपायचे त्या भिंती जाड होऊन छिद्रेही विरळ होतात. वसुली अशी मंदावली की तीच गोळी वृद्धाच्या रक्तात अधिक प्रमाणात उतरते.

या अवनतीचा दाखला रक्ततपासणीत मिळत नाही, हीच खरी अडचण आहे. बिलिरुबिन, एसजीपीटी इत्यादी आकडे यकृताला इजा झाली आहे काय, एवढेच प्रामुख्याने सांगतात. त्याची औषध निकालात काढण्याची कुवत किती उरली आहे याविषयी ते जवळजवळ मौन पाळतात. मूत्रपिंडाच्या बाबतीत क्रिएटिनिनवरून निदान अंदाज बांधता येतो. यकृतासाठी असे सोयीचे मापच नाही. म्हणून ‘लिव्हरचे रिपोर्ट नॉर्मल आहेत’ या वाक्याने घरच्या मंडळींना वाटणारा दिलासा औषधाच्या मात्रेपुरता तरी फारसा उपयोगाचा नाही.

सर्वच औषधांची गत मात्र सारखी नसते. यकृताचे कामकाज ढोबळमानाने दोन प्रकारचे आहे : एकात सायटोक्रोम पी-४५० कुळातील विकरे औषधाचे ऑक्सिडीकरण करतात, आणि दुसऱ्यात ग्लुक्युरॉनिक आम्लासारखा पदार्थ जोडून ते लघवीवाटे बाहेर पडण्याजोगे केले जाते. वयाची झळ बहुतांशी पहिल्याला लागते, दुसरे काम निरोगी वृद्धात बरेचसे शाबूत राहते. झोपेसाठी वा घालमेलीसाठी दिल्या जाणाऱ्या औषधांत डायझेपाम पहिल्या वाटेने जाते आणि लोराझेपाम दुसऱ्या, म्हणून वृद्धांसाठी या दोहोंतून निवड करण्याची वेळ आलीच तर दुसऱ्याकडे कल असतो.

अमेरिकेतील संशोधकांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की डायझेपामचा रक्तातील अंश निम्मा होण्यास विशीत सुमारे २० तास लागतात, तर ऐंशीत सुमारे ९०. याचा सगळा दोष यकृताच्या माथी मारणे न्यायाचे नव्हे, कारण वयाबरोबर शरीरातील चरबीचा वाटा वाढतो आणि हे औषध तिच्यात मुरून बसते. पण परिणाम काय होतो तो पाहावा. रोज रात्री एक गोळी घेणाऱ्या तरुणाच्या शरीरात काही दिवसांनी, ताज्या गोळीसह, जेमतेम पावणेदोन गोळ्यांइतके औषध असते. ९० तासांच्या हिशेबाने वृद्धाच्या शरीरात तीन आठवड्यांत सुमारे सहा गोळ्यांइतके साचते, आणि त्याचा मेंदूही या औषधाला अधिक संवेदनशील झालेला असतो. मग आजी दिवसा पेंगतात, बोलताना अडखळतात, रात्री मोरीकडे जाताना पडून खुब्याचे हाड मोडून घेतात, आणि घरात सर्वजण म्हणतात, वयच झाले.

ब्रिटनमध्ये संधिवातावरील बेनॉक्सॅप्रोफेन हे औषध ‘ओप्रेन’ या नावाने १९८० साली बाजारात आले, आणि यकृत व मूत्रपिंडे निकामी होऊन वृद्ध रुग्ण दगावल्याचे अहवाल येऊ लागल्यावर १९८२ मध्ये मागे घ्यावे लागले. ते वृद्धांच्या शरीरात तरुणांच्या मानाने कितीतरी अधिक काळ रेंगाळत असे. वास्तविक संधिवाताचे औषध घेणार कोण, तर बव्हंशी वयस्क माणसेच! नव्या औषधांची चाचणी पासष्टीपुढील रुग्णांवरही करावी, अशी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना पुढे १९९३ साली निघाली. वृद्धांत व इतरांतही आढळणाऱ्या रोगांच्या औषधांसाठी तिने किमान १०० वृद्ध रुग्ण सामान्यतः पुरेसे मानले आहेत. ज्या गोळ्या पुढे लक्षावधी वृद्ध घेणार, त्यांच्या मानाने मला हा आकडा फारच मितव्ययी वाटतो.